वाढू का?

एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळते आहे. लिहावी की नाही हे ठरत नव्हतं, कारण ती आमच्या घरातली आहे आणि इथे वाचणाऱ्यांत निम्मे घरातलेच आहेत. शेवटी भाच्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, लिही. फक्त तिचं नाव घालू नकोस." म्हणून माझ्या या नातीला मी इथे चिमी म्हणते. तिचं नाव चिमी नाही. गावाचं नावही लिहीत नाही, अमेरिकेत मिशिगन राज्यात ते राहतात एवढं पुरे. कुत्र्याचं नाव मात्र खरं आहे, बिस्किट. त्याची काही हरकत दिसली नाही.

चिमीला चौथ्या वर्षापासून फिट्स येतात. औषधं बदलून झाली, डोस वाढवून झाले. दिवसाच्या फिट्स कमी झाल्या, रात्रीच्या थांबल्या नाहीत. माझी भाचेसून तीन वर्षं तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत होती. झोपत होती म्हणायचं एवढंच. अपस्मार असलेलं मूल रात्री झोपेत अचानक दगावण्याचा धोका अगदी थोडा असतो, वर्षाला साडेचार हजार मुलांत एक, असं तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी २०१७ साली सांगितलेलं आहे. आकडा म्हणून तो लहान आहे. आईला आकडा कळत नसतो, तिला कॉटवरची हालचाल ऐकू येते.

तर अशा मुलांसाठी तिकडे शिकवलेले कुत्रे मिळतात. त्यांना सर्व्हिस डॉग म्हणतात. मी मराठीची शिक्षिका, म्हणून शब्द शोधत बसले. 'सेवाश्वान' म्हटलं तर पोलिसांच्या ताफ्यातला वाटतो. बिस्किटला मी मदतनीस म्हणते. आपल्याकडे अंगणवाडीत मदतनीस बाई असतात, तसा.

हा मदतनीस काय करतो? फिट आधी ओळखतो, असं पुष्कळांना वाटतं. काही कुत्र्यांना ते जमतं, पण शिकवून हमखास येतं असं नाही, आणि चांगल्या संस्था तसं वचनही देत नाहीत. शिकवून येतं ते फिट सुरू झाल्यावरचं काम. भुंकून घर उठवणं, पायाने दाबायचं मोठं बटण दाबणं, मुलीच्या अंगाला अंग लावून पडून राहणं, नाकात मारायच्या औषधाची पिशवी गळ्यात वागवणं. हे सगळं शिकवायला दीड-दोन वर्षं लागतात. मग घरच्यांनी संस्थेत जाऊन कुत्र्याबरोबर शिकायचं, कारण लहान मुलाच्या बाबतीत कुत्र्याला आज्ञा द्यायची ती आईबापांनीच.

आता पैसे. एक कुत्रा तयार करायला हजारो डॉलर लागतात, आणि तिथला आरोग्य विमा साधारणपणे त्यातला एक डॉलरही देत नाही. आयकरात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो, पण त्यासाठी आधी खर्च करावा लागतो. काही संस्था फुकट देतात. कॅलिफोर्नियात १९७५ साली निघालेली कॅनाइन कम्पॅनियन्स तशी आहे. आंधळ्यांना वाटाड्या कुत्रा देणारी 'सीइंग आय' ही १९२९ सालची जुनी संस्था, ती पहिल्या कुत्र्याचे दीडशे डॉलर घेते, म्हणजे मानापुरतेच. पण कोणती संस्था कोणत्या आजाराला देते, किती वर्षांच्या मुलाला देते, रांग किती लांब, याचे नियम वेगवेगळे. भाच्याला जिथे होकार मिळाला तिथे कुटुंबाने वीस हजार डॉलर उभे करायचे होते. २०२२ सालच्या भावाने सोळा लाख रुपये. दोघं नोकरी करतात, पण घराचा हप्ता, औषधं, आणि तिच्या आजारपणामुळे सुनेने अर्ध्या वेळेवर आणलेली नोकरी. भाच्याने लोकांकडून पैसे गोळा करायचं एक पान इंटरनेटवर उघडलं आणि त्याची लिंक आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली.

पुढचं लिहायला जड जातंय. त्या गटावर वयाने मी सगळ्यांत मोठी. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या जागी मीच. आणि मी काय लिहिलं? "आपल्या घरात असं कोणी केलं नव्हतं." बस, एवढं एकच वाक्य. त्याखाली दोघांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, कुत्र्यासाठी वर्गणी? इथे माणसांना मिळत नाही. एका वहिनींनी मला वेगळा फोन केला, मुलीची जात आहे हो, उद्या लग्नाच्या वेळी हे सगळं निघेल. तासाभरात भाच्याने लिंक काढून टाकली आणि "सॉरी मावशी" लिहिलं.

हाच गट २०२१ साली कसा वागला होता ते आठवतं. मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या इंजेक्शनसाठी सोळा कोटी रुपये हवे होते. तिचा फोटो सगळ्यांनी पुढे धाडला, बहुतेकांनी पैसेही दिले, मीही दिले. केंद्र सरकारने तिचा काही कोटींचा कर माफ केला तेव्हा आम्ही सगळे आपलीच मुलगी वाचल्यासारखे हरखलो. परक्या मुलीसाठी आमचा हात सहज सुटला. आपल्या मुलीसाठी मागितलं तर लाज वाटली. इंजेक्शन हे औषध वाटतं आणि कुत्रा म्हणजे चैन, हे एक कारण. दुसरं कारण वहिनींनी सांगितलं तेच. फिट.

१९८३ साली माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा बाकावरून खाली कोसळला. मी तेव्हा बत्तिशीची. काय करावं ते मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते चुकीचं होतं. कोणीतरी कांदा आणायला धावलं. शिपायाने स्वतःची चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, मी अडवलं नाही. चाळीस मुलं बघत होती. त्याला शुद्ध आली तेव्हा तोंडासमोर चप्पल होती आणि चड्डी ओली होती. दुसऱ्या दिवशी वडील येऊन दाखला मागून घेऊन गेले. कारणाच्या रकान्यात 'पालकांची इच्छा' असं लिहिलं. मीच लिहिलं. कुशीवर वळवावं, डोक्याखाली काही मऊ सरकवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं आणि बाकीच्यांना वर्गाबाहेर न्यावं, हे सगळं मला साठीनंतर कळलं.

वहिनींना दोष देत नाही. हिंदू विवाह कायद्यातच १९९९ सालापर्यंत अपस्माराचं नाव होतं. वारंवार फिट येणाऱ्या माणसाचं लग्न कायद्याच्या जोरावर मोडता येत होतं. त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो शब्द काढला. कायद्यातून काढायला एक दुरुस्ती पुरली. वहिनींचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं, त्यांच्या मनात जुनाच कायदा चालू आहे. माझ्याही होता, म्हणून तर ते वाक्य लिहिलं.

मग काय झालं ते मला पुढच्या वर्षी कळलं. पान उघडून दोन महिने झाले होते, आणि मित्रमंडळी, ऑफिस, तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतला बटाटेवड्यांचा स्टॉल, सगळं धरून तीन हजारांवर गाडी जाईना. अशा पानांचे सल्ले देणारे लोक तिकडे असतात. त्यातल्या एकाने सांगितलं, लोकांना दिसलं पाहिजे. भाच्याकडे डॉक्टरांना दाखवण्यासाठी फोनवर काढलेली चिमीच्या फिटची चित्रफीत होती. डिसेंबरात एका रात्री त्याने ती पानावर घातली. चार दिवसांत नऊ हजार डॉलर जमले. दोन महिन्यांत जमले नव्हते त्याच्या तिप्पट.

२०२३ च्या मे महिन्यात मी दोन महिने त्यांच्याकडे गेले होते. पहिल्याच आठवड्यात रात्री फिट आली. सून उठली, कुशीवर वळवलं, घड्याळ लावलं, औषध हातात धरून बसली. ओरडा नाही, कांदा नाही. मी दारात उभी होते. अडीच मिनिटांत थांबलं. सकाळी चिमी पुरी लाटायला माझ्याजवळ येऊन बसली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज्जी, तू पण माझा व्हिडिओ बघितलास?" मंडळाच्या मराठी शाळेत एका मुलाने तिला सांगितलं होतं की त्याने बघितला. आठ वर्षांची होती. मी म्हटलं, नाही गं. ते खरं होतं, कारण लिंकच आम्ही काढायला लावली होती. तिने विचारलं नसतं तरी मला ते समजायला हवं होतं. आम्ही गटावर सत्तावीस घरं आहोत. त्या सप्टेंबरात प्रत्येकाने मुकाट्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलं असतं, तर तो व्हिडिओ लावायची वेळ आली असती का? सगळी रक्कम जमली नसती. पण कोणीतरी आपलं आहे असं त्याला वाटलं असतं, आणि त्या रात्री कदाचित त्याचा हात थांबला असता. घरच्यांनी पाठ फिरवली म्हणून बापाला परक्यांना दाखवावं लागलं.

व्हिडिओ काढून टाकला आहे. चिमीनेच सांगितलं काढायला, आणि बापाने त्याच संध्याकाळी काढला. निघाला म्हणजे कुठून कुठून निघाला देव जाणे.

आता माझं मत सांगते. मागण्यात लाज नाही. मी तळेगाव दाभाड्याला एकतीस वर्षं शिकवलं. त्या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागितला, टिळकांनी त्यांची पाठ राखली. मुलांना दरवर्षी हे शिकवताना मी म्हणायचे, बघा, पैशापैशाने कारखाना उभा राहतो. महर्षी कर्वे झोळी घेऊन फिरले तेही शिकवलं. आणि भाच्याला लिहिलं, आपल्या घरात असं कोणी केलं नव्हतं!

आणि तेही खोटंच. माझे वडील पुण्यात वार लावून जेवले. हल्लीच्या मुलांना सांगायला हवं. गरीब विद्यार्थ्याने सात घरं धरायची, सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. वडील १९३५-३६ च्या सुमाराला पुण्यात होते. सगळी घरं त्यांच्या लक्षात होती, पण बोलायचे दोनच घरांबद्दल. गुरुवारच्या घरी पक्वान्न असे. त्या घरचे यजमान पाहुणे आले की त्यांना पानावरून उठवून समोर उभं करीत आणि सांगायला लावीत. वडील कधी गेले, आई काय करते, किती भावंडं. ऐकून पाहुणे हळहळत, यजमानांना बरं वाटे. सोमवारच्या घरी आमटी-भात. त्या घरची बाई कधी काही विचारत नसे. पानाशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "वाढू का?" वडिलांनी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून लुगडं घेतलं ते त्या सोमवारच्या बाईंना. गुरुवारच्या गल्लीतून ते पुढे कधी गेलेच नाहीत, लांबच्या वळणाने जायचे.

अमेरिकेतल्या कायद्यात एक गोष्ट आहे ती मला सोमवारच्या घरासारखी वाटते. तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. असा कुत्रा बरोबर असलेलं माणूस दुकानात, हॉटेलात गेलं आणि त्याची गरज उघड दिसत नसली, तर तिथल्या लोकांना दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. आजार कोणता, कागद दाखवा, करून दाखवा म्हणावं त्याला, असं काही विचारायचं नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, २०२४ मध्ये, बिस्किट घरी आला. सून फोनवर सांगत होती, एका दुकानात दारावरच्या माणसाने ते दोन प्रश्न विचारले, तिने दोन उत्तरं दिली, तो बाजूला झाला. चिमीने सफरचंदं घेतली.

म्हणजे बघा, सफरचंद विकणाऱ्याला तिचा आजार विचारायची बंदी. आणि कुत्रा मिळावा म्हणून तोच आजार, चेहऱ्यासकट, सगळ्या जगाला दाखवायचा. हे मला पटत नाही. तो आजार लाजेचा आहे म्हणून नव्हे. वहिनी म्हणतात तसं लपवायला तर मुळीच नको, चिमीच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे आणि काय करायचं तेही माहीत आहे. पण सांगायचं ते तिने, तिला हवं त्याला. तिचं शुद्धीवर नसतानाचं शरीर तिच्या बापानेही वाटायचं नाही. चड्डी ओली झालेल्या माझ्या त्या विद्यार्थ्याला निदान चाळीसच मुलांनी पाहिलं होतं.

मिशिगनमध्येच असा एक खटला होऊन गेला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीसाठी तिच्या गावच्या लोकांनी तेरा हजार डॉलर जमवून कुत्रा घेऊन दिला, वंडर नावाचा. शाळेने तो वर्गात नको म्हटलं. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स'. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकाल लिहिला, पालकांविरुद्ध गेलेला खालचा निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. त्यांनी दिलेली कसोटी एखाद्या चांगल्या मास्तरणीने फळ्यावर लिहावी तशी आहे. हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? शाळेतल्या मोठ्या माणसाला करता आली असती का? आली असती, तर ती बहुधा शिक्षणाबद्दलची नाही, भेदभावाबद्दलची. पण मला त्या निकालात आवडलं ते दुसरंच. मुलीला त्यांनी आद्याक्षरांनी संबोधलं आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मुलीचं पूर्ण नाव न घेता एवढा मोठा न्याय करता आला.

यावर माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं असं की फसवणूक फार होते, बघितल्याशिवाय लोक कसे देतील? रास्त आहे. फसवणूक होते. व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०१८ साली मधुमेही मुलांना कुत्रे विकणाऱ्या एका संस्थेवर दावा लावला, कुत्रे नीट शिकवलेलेच नव्हते असा आरोप होता. पण भावोजी, तिथे मुलं खरीच आजारी होती हो! त्यांच्या कितीही चित्रफिती बघितल्या असत्या तरी फसवणूक कळली नसती. तपासायचं ते विकणाऱ्याला. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे का, हे तिथल्या आयकर खात्याच्या यादीत कोणालाही बघता येतं. आधी कुत्रा मिळालेल्या घरांशी बोलता येतं. पैसे कुटुंबाच्या खात्यात न देता थेट संस्थेकडे देता येतात. डॉक्टरचा कागद संस्था बघतेच. एवढी खात्री झाल्यावरही ज्याला मूल तडफडताना बघायचं आहे, तो खात्री मागत नाही, तो गुरुवारचा यजमान आहे.

भाच्याला मी हे सगळं पुरी लाटता लाटताच बोलले, आणि आधी माझ्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "मावशी, मला वीस हजार हवे होते गं. दुसरं काही सुचत नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. नऊ हजार त्या व्हिडिओनेच आणले, आणि त्या पैशांचा बिस्किट आज रात्री तिच्या कॉटला लागून झोपतो, सून आता आपल्या खोलीत झोपते. माझं मत काहीही असो, ही बेरीज मला खोडता येत नाही.

परत आल्यावर मी माझा वाटा पाठवायला बँकेत गेले. परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म भरावा लागतो, त्यात कारण लिहायचं असतं. खिडकीतल्या मुलाने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, कुत्र्यासाठी. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी शाळेतल्यासारखं सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, भेट म्हणून लिही बाळा. भेट हा रकाना होता.

असे कुत्रे आठ-दहा वर्षं काम करतात, मग त्यांना निवृत्त करतात. (पेन्शन नाही, पण घर सुटत नाही.) बिस्किट निवृत्त होईल तेव्हा चिमी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. औषधाने बरी झाली असेल तर उत्तमच, आणि नसेल तर दुसरा मदतनीस लागेल. मी त्यासाठी पोस्टात रिकरिंग खातं उघडलं आहे, महिना दोन हजारांचं. वारस म्हणून भाच्याचं नाव घातलंय, कारण तोवर मी असेनच असं नाही. पाच वर्षांनी मुदत संपेल, पुढे कोणीतरी चालू ठेवावं. सत्तावीस घरांपैकी ज्यांना त्यात घालायचं असेल त्यांनी मला फोन करावा, दुपारी चारनंतर. दहा रुपये घातले तरी चालतील. कोणी किती दिले हे गटावर लिहिणार नाही, आणि न देणाऱ्याला कारण विचारणार नाही.